संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एसटीच्या लाल गाडीत मागच्या बाजूला एक वाक्य लिहिलेलं असायचं: 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. लहानपणी अक्षरं जुळवत जे काही मी वाचायला शिकलो, त्यात 'खिडकीबाहेर डोके काढू नये'च्या खालोखाल या वाक्याचा वाटा मोठा आहे. आमच्या गावाकडच्या गाडीत त्या मार्गाला टेकून कांद्याची दोन पोती, एक सायकल आणि कोंबड्यांची एक डालगी हमखास असायची. संकट आलंच तर पहिल्या बाहेर पडतील त्या कोंबड्या, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पुढे चाळीसेक वर्षं त्या वाक्याशी माझा काही संबंध आला नाही. आला तो एकदम एका स्विमिंग पुलात. तेव्हा माझे पाय वर होते, डोकं खाली होतं, नाकातून शिरलेलं पाणी मेंदूतल्या जुन्या फायली भिजवत होतं आणि मला नेमका तो मार्ग सापडत नव्हता.

मी हिशेबातला माणूस. सुटे भाग मोजणे आणि ते वहीत लिहिल्यापेक्षा कमी का भरले, हे विचारणे हा माझा व्यवसाय. आमच्या कंपनीचं काही सामान मुंबई हायवर, भर समुद्रात पडून होतं आणि ते मोजायला कोणीतरी जायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे जो त्या दिवशीच्या बैठकीला उशिरा पोचला तो.

"पुढच्या महिन्यात प्लॅटफॉर्मवर जायचंय," मी घरी सांगितलं.

"कितव्या?" बायकोने पोळी उलटत विचारलं. डोंबिवलीत या प्रश्नाला कोणी हसत नाही.

मुंबई हाय म्हणजे मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्राखाली दडलेलं तेलाचं क्षेत्र. १९७४च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने तिथे पहिलं तेल काढून दाखवलं. तेव्हापासून तिथे लोखंडी खांबांवर उभी असलेली एक वस्तीच झाली आहे. माणसं चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असतात. (घरचे चौदा दिवस जास्त दमवतात, असं तिथल्या एका अनुभवी फिटरचं मत पडलं. पण तो त्याच्या घरचा प्रश्न आहे.) तिकडे जायचं ते जुहूवरून, हेलिकॉप्टरने. जुहू म्हटलं की इतरांना भेळ आठवते. पण विमानवाल्यांना आठवतो तो तिथला जुना विमानतळ, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकटे उतरले होते. मला तिथून टपालाच्याच हिशेबाने पाठवायचं होतं, कारण हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी माणसाचं वजन करतात. सामानासकट आणि चारचौघांत. काट्यावरचा आकडा एक गृहस्थ मोठ्याने वाचतात, दुसरे लिहून घेतात. मी श्वास आत ओढला. "सर, श्वासाने वजन कमी होत नाही," पहिले गृहस्थ म्हणाले.

पण ते पुढचं. त्याआधी एक दाखला लागतो. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं, तर त्यातून बाहेर कसं पडायचं याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. तो नसेल तर तुम्हाला त्या यंत्रात बसू देत नाहीत. मला हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्याला पोहता येत नाही, तेव्हा नापास होऊ आणि सामान दुसरा कोणी मोजेल. "पोहता यायलाच पाहिजे असं नाही," कार्यालयातल्या मुलीने हसून सांगितलं आणि माझी शेवटची आशा फाईलला लावून टाकली.

गोव्यात बेतूलला ओएनजीसीने बांधलेलं समुद्रात जीव वाचवायला शिकवणारं केंद्र २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालं. देशात अशी आणखीही ठिकाणं आहेत आणि नौदलाच्या वैमानिकांची स्वतंत्र सोय कोचीला आहे. माझी रवानगी झाली त्या केंद्राचं नाव सांगत नाही. तिथे झालं त्यात केंद्राचा दोष नव्हता, पण नाव घेतलं तर त्यांना उगाच वाईट वाटेल.

सकाळी वर्ग होता. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणचे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की काय होतं?"

"बुडतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी ते उलटं होतं. माझ्या डोक्यात तोवर हेलिकॉप्टर म्हणजे बदकासारखं काहीतरी होतं, म्हणजे पाण्यावर टेकेल आणि डुलत राहील. पण त्याची सगळी जड मंडळी गच्चीवर राहतात: इंजिनं वर, दातेरी चाकांची पेटी वर, पात्यांचा सगळा संसार वर. खालच्या मजल्यावर फक्त आपण आणि आपल्या पिशव्या. कागदाच्या होडीवर वरवंटा ठेवला तर होडी जे करील तेच हे करतं. बाजूला फुगे असतात, ते पाण्यावर येताच फुगतात आणि समुद्र शहाण्यासारखा वागला तर यंत्राला सरळ धरून ठेवतात. पण शहाण्यासारखा वागणारा समुद्र पाहिला आहे कोणी? निदान जुलैत तरी नाही. म्हणून शिकवायचं ते असंच की यंत्र उलटणार, आत पाणी भरणार, अंधार होणार. त्यातून निघायचं.

निघायचं कसं, याचे सरांनी चार शब्द फळ्यावर लिहिले. थांब. खिडकी. पट्टा. बाहेर.

याच क्रमाने. मी ते चार शब्द वहीत उतरवून घेतले आणि खाली रेघही मारली. परीक्षेत आले असते तर चारही गुण मिळाले असते. प्रत्यक्षात मात्र त्या क्रमाशी माझं जन्माचं वैर निघालं.

कारण असं, की मी गेली तीस वर्षं डोंबिवली ते शिवाजी टर्मिनस असा प्रवास करतो आहे. मुंबईच्या लोकलमध्ये बाहेर पडणं ही स्टेशन आल्यावर करायची गोष्ट नाही. ती स्टेशन येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. फास्ट गाडीत डोंबिवलीला उतरणारा ठाणं सुटताच उठतो. मग पुढच्याच्या खांद्यावर बोट टेकवून "डोंबिवली?" असा एकशब्दी संवाद. त्याने मान हलवली तर आपण त्याच्यामागे, नाहीतर त्याला वळसा. दिवा जाईपर्यंत पिशवी पोटाशी, पाकीट पुढच्या खिशात. गाडी थांबण्याची वाट पाहणाऱ्याला आमच्यात उतरणारा म्हणत नाहीत, अडथळा म्हणतात. आमचाच माणूस विमानात बसला, की चाकं जमिनीला लागताच 'खट्, खट्, खट्' आवाज येतात ते पट्टे सुटल्याचे. हवाईसुंदरी बिचारी बसून राहा म्हणून सांगत असते, आणि आम्ही वरच्या कप्प्यातून फरसाणाचा खोका काढत असतो.

अशा माणसाला सर सांगत होते, "यंत्र उलटं झालं, पाणी डोक्यावरून गेलं, तरी हलायचं नाही. सगळी हालचाल थांबेपर्यंत पट्टा लावून शांत बसायचं."

"सर, शांत?" मी विचारलं.

"शांत."

त्याला कारणं आहेत आणि ती पटतात. कोरड्या वर्गात तर फारच पटतात. पाणी आत घुसत असताना खिडकीतून बाहेर जायला गेलात, तर ते तुम्हाला उलट आत ढकलतं. पाती अजून फिरत असतील. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पट्टा. पट्टा आहे तोवर तुम्ही खुर्चीला जोडलेले आहात आणि खुर्चीच्या बाजूला खिडकी आहे, एवढं तरी पक्कं ठाऊक असतं. पट्टा सोडला की तुम्ही तरंगता, आणि कुठे तरंगता ते कळत नाही. म्हणून एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा बकलावर. खिडकी ढकलून पाडायची, चौकट घट्ट धरायची आणि मगच बक्कल उघडायचं.

इथे वर्गात एक वाद निघाला. आपण उलटे झालो तर उजवीकडची खिडकी डावीकडे जाईल ना? गोरखपूरचा एक वेल्डर म्हणाला, जाईल. एक नवा इंजिनियर म्हणाला, सापेक्ष आहे. मी हिशेबातला असल्यामुळे दोन्ही बाजूंनी मान हलवली. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शीर्षासन केल्यावर तुमचा उजवा हात डावा होतो का रे?" वर्ग गप्प झाला. उजवीकडची खिडकी उजवीकडेच राहते. सगळं जग फिरलं तरी ती आणि तुमचा हात यांची सोबत सुटत नाही. पण हे इतकं सोपं वाक्य पाण्याखाली आठवत नाही, तिथे फक्त आई आठवते.

या विद्येचा मूळपुरुष अमेरिकन नौदलाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वैमानिकांसाठी एक सापळा केला. विमानाच्या पुढच्या भागाची नक्कल उतरत्या रुळांवरून सोडायची, ती तलावात आपटून उलटी व्हायची आणि आतल्याने सुटून यायचं. नाव ठेवलं 'डिल्बर्ट डंकर'. हा डिल्बर्ट म्हणजे त्या काळच्या नौदलाच्या भित्तिचित्रांतला एक व्यंगचित्री वैमानिक. रॉबर्ट ऑस्बर्नने काढलेला, करता येण्यासारखी प्रत्येक चूक करून दाखवणारा. १९८२च्या एका हॉलिवूडपटात रिचर्ड गेअर आणि मंडळींनाही याच सापळ्यात घातलेलं दिसतं. बावळटाच्या नावाने यंत्र ओळखलं जावं, ही प्रथा मला फार मानवी वाटली. आमच्या केंद्रातल्या यंत्राला काही नाव नव्हतं. पण दुपारनंतर त्याला माझं नाव द्यावं अशी सूचना कोणी केली असती, तर मी हरकत घेतली नसती.

ते यंत्र म्हणजे चाकं, शेपटी, पाती काहीही नसलेला एक डबा. आत खुर्च्या, चार-चार पट्टे, बाजूला ढकलून पाडायच्या खिडक्या. क्रेनने तो पाण्यावर टांगलेला. प्रत्येकाला हेल्मेट, बॉयलर सूट आणि लाइफ जॅकेट. हे जॅकेट आत असताना फुगवायचं नाही, हे सरांनी तीनदा बजावलं. वाढदिवसाचा सुटलेला फुगा छताला चिकटतो ना, तसे तुम्ही आत चिकटाल आणि कोणी सोडवायला आला तरी खाली ओढता यायचे नाहीत. पाण्यात आमच्यावर लक्ष ठेवायला पाणबुडे होते. त्यांचे चेहरे मुखवट्याआड असल्यामुळे ते हसतात का ते कळत नव्हतं. बुडबुडे मात्र कधीकधी जास्त यायचे.

मला खिडकीची जागा मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा न भांडता. एसटीत मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे. एकदा तर मामाने धाकट्या भावालाच खिडकीतून आत टाकून आख्खं बाक अडवलं होतं. आत शिरायचा रस्ता म्हणूनच मी खिडकीला ओळखत आलो. इथे मात्र शेजारच्याने जागा अदलाबदल करू का म्हणून विचारलं, तेव्हा मी इतक्या जोरात 'हो' म्हणालो की सरांना संशय आला. त्यांनी दोघांनाही जागच्या जागी बसवलं.

पहिल्या फेरीत डबा सरळच बुडवतात. पाणी पायाला लागतं, गुडघ्याला लागतं, मांडीवर येतं. गणपती विसर्जनाला आपण चालत जातो तेव्हा असंच होतं. फरक इतकाच की तिथे आपण गणपती नसतो. पाणी हनुवटीला आलं की मोठा श्वास घ्यायचा. मी इतका मोठा घेतला की पुढचा अर्धा मिनिट बाकीच्यांना हवा उरली नसावी. सरळ बुडण्यात मी पास झालो. बाहेर आल्यावर चेहऱ्यावर असं हसू होतं की जणू इंग्लिश खाडी पार केली.

मग उलटी फेरी.

डबा पाण्याला टेकला, पाणी आत आलं आणि सगळं फिरलं. 'पायाखालची जमीन सरकली' असं आपण सहज म्हणतो. माझी सरकून डोक्यावर गेली. नाकात पाणी चढलं. उभ्या माणसाच्या नाकात पाणी जातं, उलट्याच्या नाकात ते ओततं. सरांनी सांगितलं होतं, नाकाने हळूहळू हवा सोडत राहा. पण ती सूचना त्या क्षणी माझ्याजवळ नव्हती, वहीत होती. आणि मग आतून, कुठून तरी फार खोलातून, तीस वर्षांचा डोंबिवलीकर जागा झाला. गाडी हलते आहे, म्हणजे उठायला हवं. माझ्या हाताने मला न विचारता बक्कल उघडलं.

खट्.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी खुर्चीतून निघालो आणि वर गेलो. वर छत असायला हवं होतं, तिथे चटई होती. यंत्राची जमीन. मी तिला चिकटलो आणि खिडकी शोधू लागलो. खिडकी उजवीकडे होती, पण आता माझी उजवी बाजू कुठे होती? एक पाय कोणाच्या तरी मांडीवर टेकला. मी हाताने सगळीकडे चाचपलं आणि शेवटी एक मऊ, गोल वस्तू सापडली. ती धरून ओढली. ते वेल्डरचं हेल्मेट होतं, वेल्डरसकट. मग माझी कॉलर कोणीतरी पकडली आणि पोत्यासारखं बाहेर काढलं.

वर आल्यावर मी खोकत होतो. काठावरून सरांचा आवाज आला, अगदी शांत, घरच्या भाषेत: "खंय चललंस रे?"

मी म्हणालो, "सर, सवय."

"खयच्या गाडीची?"

"डोंबिवली फास्ट."

सर पहिल्यांदा हसले. म्हणाले, मुंबईची माणसं बहुतेक इथेच अडतात. ज्यांना कसलीच घाई नसते, ती पहिल्याच फेरीत पास होतात.

याचा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता. आमच्यात उरणचा एक क्रेनचालक होता, घराणं मासेमारीचं, दंड असे की बाजूला उभं राहायला संकोच वाटावा. "सर, मी ल्हानपनापास्नं दर्यात हाय," त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. आम्ही त्याच्याकडे आशेने पाहत होतो. पण पोहणाऱ्याची गंमत अशी, की पाण्यात पडला की तो पोहतो. इथे पोहायचंच नसतं. हातांनी चौकट धरून स्वतःला ओढून काढायचं असतं. पाय मारलात तर मागून येणाऱ्याच्या तोंडावर बसतात. मागून मी येत होतो. दोन दिवस जेवताना माझा डावा जबडा वाजत होता. "सॉरी दादा," तो म्हणाला, "पाय आयकत न्हाईत." त्याचे पाय ऐकत नव्हते, माझे हात. वेल्डरचं मात्र सगळं ऐकत होतं. त्याने कधी समुद्र पाहिला नव्हता, पोहता येत नव्हतं, फास्ट लोकलमध्ये तो कधी चढला नव्हता. सांगितलं तेवढंच त्याने केलं आणि चारही वेळा पाण्यातून असा वर आला, जसा देवळातून दर्शन घेऊन यावा.

उत्तर समुद्रावर नॉर्वे-स्कॉटलंडच्या बाजूला हे काम करणाऱ्यांची मला त्या दुपारी आठवण झाली. त्यांचं पाणी इतकं गार, की अंगाला लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो आणि रोखून धरताच येत नाही. म्हणून ते अंगभर जलरोधक पोशाख चढवतात. बरीच वर्षं त्यांच्या जॅकेटात एक पिशवी असायची. आपलाच श्वास तिच्यात सोडायचा आणि तोच पुन्हा घ्यायचा. साहेबाला याचं वेगळं शिक्षण द्यावं लागतं. आम्ही सकाळच्या आठ बावीसमध्ये कुर्ल्यापर्यंत दुसऱ्याने सोडलेला श्वास घेतो, तोही पिशवीशिवाय.

मधल्या सुट्टीत चहा पीत असताना कोणीतरी २०२२च्या जूनचा विषय काढला. मुंबई हायजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं होतं. आत नऊ जण होते. पाच वाचले. बोलणं थांबलं. क्रेनचालकाने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "चला, सर, आनखी एकदा करू." सकाळपासून त्या डब्याकडे बघून विनोद करणारे आम्ही सगळे उठलो आणि न बोलता रांगेत उभे राहिलो.

त्या फेरीत मी बकलावर हात ठेवला आणि तो हात दुसऱ्याचा आहे असं समजलो. पाणी आलं, जग फिरलं, नाकाने हवा सोडली. डोंबिवलीकर आतून ओरडत होता, 'चला, चला, उतरा'. मी त्याला म्हटलं, थांब बाबा, गाडी अजून यार्डात आहे. पाण्याखाली एक वेळ अशी येते की सगळं स्थिर होतं, आवाजही थांबतो. तेव्हा मी उजवा कोपर खिडकीवर मारला. ती गेली. चौकट हाताला लागली, तशी धरली. मग बक्कल. मग स्वतःला ओढलं. वर आलो तेव्हा पहिल्यांदा दिसले ते पुलावरचे ट्यूबलाइट, आणि ते इतके सुंदर असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचा तराफ्याचा भाग मी उरकतो. रबरी तराफ्यावर चढायला मला तिघांनी ढकललं आणि दोघांनी ओढलं. जुहूच्या काट्यावर पुढे जे झालं त्याची ती नांदी होती. दाखला मिळाला. तो चार वर्षं चालतो, मग पुन्हा पाण्यात. फोटोत मी ओला आहे आणि अभिमानी आहे, त्यामुळे नुकत्याच न्हाऊ घातलेल्या म्हशीसारखा दिसतो.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. नाकाच्या आतल्या पोकळ्यांत जे पाणी शिरतं, ते लगेच निघत नाही. आपल्या सोयीने निघतं. दुसऱ्या दिवशी शेजारी सत्यनारायण होता. मी नमस्काराला वाकलो आणि नाकातून चमचाभर पाणी थेट चौरंगावर पडलं. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. "तीर्थ का?" त्यांनी विचारलं. बायकोने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि प्रसाद तिथेच दिला.

सोमवारी कामावरून परतताना संध्याकाळची फास्ट पकडली. खिडकीशी बसायला मिळालं. ठाणं गेलं. नेहमीप्रमाणे मंडळी उठली, खांद्यांवर बोटं टेकली, "डोंबिवली?", "डोंबिवली." मी बसून राहिलो. कसं कोण जाणे, पण अंगात एक शांतता भरली होती. एक हात खिडकीच्या गजावर होता. दिवा गेलं, कोपर गेलं. गाडी स्टेशनात शिरली, वेग मंदावला, दाराशी धक्के सुरू झाले. सगळी हालचाल पूर्ण थांबली तेव्हा मी उठलो. तोवर चढणाऱ्यांची लाट आत आली होती आणि मी वरच्या कड्या पकडून, अगदी उजवीकडे दार दिसत असताना, कल्याणच्या दिशेने निघालो.

शेजारी पाठीवर सॅक लावलेला एक मुलगा उभा होता. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "मुंबईत नवीन का?"